बटव्याचा बंद : तंजावरच्या सुरुक्कुप्पैपासून चुंबकी बटणापर्यंत

तंजावर : कावेरीच्या खोऱ्यातील लग्नघरातून निघणाऱ्या पाहुण्याच्या हाती तांबुलाची पिशवी देण्याची रीत जुनी आहे. नारळ, विड्याची पाने आणि सुपारी हा तिचा ऐवज. अलीकडे या पिशवीबरोबर, काही ठिकाणी तिच्याऐवजीही, रेशमी काठाच्या कापडाचा लहानसा बटवा दिला जातो. त्याच्या तोंडाशी दोन गोंडेदार दोऱ्या असतात. त्या दोन्ही बाजूंनी ओढल्या की कापडाला चुण्या पडतात आणि तोंड मिटते. तमिळ भाषेत या बटव्याला ‘सुरुक्कुप्पै’ म्हणतात. ‘सुरुक्कु’ म्हणजे आवळणे, आकसणे आणि ‘पै’ म्हणजे पिशवी. मराठी वाचकाला त्यात आजीचा बटवा लगेच ओळखता येतो.

आज भेटवस्तू ठरलेली ही पिशवी काही दशकांपूर्वीपर्यंत तमिळ घरातील वृद्ध स्त्रीच्या कमरेला रोज खोचलेली असे. सुट्टी नाणी, घडी घातलेल्या नोटा, पान-सुपारी आणि एखादी किल्ली एवढा संसार त्यात मावत असे. आता नाण्यांचा वापर घटला, पैसा बँकेच्या खात्यात आणि मोबाइलमध्ये गेला, तरी पर्स किंवा बटवा सुटलेला नाही. त्यात आता कार्डे, ओळखपत्रे, औषधे आणि फोन असतो. लहान पिशवीचा तळ सहसा लवकर फाटत नाही, दगा देते ते तिचे तोंड. त्यामुळे आतल्या वस्तू बदलल्यावर तोंड बंद करण्याची कोणती युक्ती कोणाच्या उपयोगाची, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही.

शब्दांत राहिलेल्या गाठी

मराठीत ‘बंद’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. अंगरख्याला बांधण्यासाठी लावलेली कापडी पट्टी म्हणजे बंद, आणि मिटलेले, झाकलेले तेही बंद. बारा बंदांनी बांधायची ती बाराबंदी. बटणे सर्रास होण्यापूर्वी बंद करणे म्हणजे प्रत्यक्षात बांधणेच होते, याची खूण या शब्दात शिल्लक आहे. कमरेला बांधायच्या लांबट पैशाच्या पिशवीला ‘कसा’ म्हणत. अंगरख्याच्या किंवा सदऱ्याच्या ‘खिशा’चे मूळ अरबी-फारसी ‘कीसा’ या शब्दात असून त्याचा अर्थही पिशवी असाच आहे. पिशवी नसेल तेव्हा धोतराची कनवट किंवा पदराची गाठ तेच काम करी. ‘गाठीला पैसा असणे’ हा वाक्प्रचार याच सवयीतून आला.

तंजावरशी मराठीचा संबंध साडेतीन शतकांचा आहे. व्यंकोजी भोसले यांनी १६७०च्या दशकात येथे राज्य स्थापन केले. शेवटचे राजे दुसरे शिवाजी यांचे १८५५ मध्ये निधन झाल्यानंतर ईस्ट इंडिया कंपनीने ते खालसा केले. या राजवटीचे मोडी लिपीतील कागद सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केलेले आहेत. कागदांची चळत कापडात गुंडाळून दोरीने बांधायची आणि त्या गाठोड्याला ‘रुमाल’ म्हणायचे, ही मराठी दफ्तराची सर्वत्र रूढ पद्धत होती. कापड, दोरी आणि गाठ एवढ्या साधनांवर राज्याचा हिशेब सांभाळला जात असे.

राजदरबारच्या पत्रव्यवहारात तर पिशवीचा बंद हीच सुरक्षेची हमी होती. मराठीत राजपत्राला ‘खलिता’ म्हणतात. ज्या अरबी शब्दावरून तो आला, त्याचा मूळ अर्थ पिशवी असा आहे. महत्त्वाचे पत्र किनखापाच्या किंवा रेशमी पिशवीत घालून तिचे तोंड दोरीने आवळीत आणि दोरीवर लाखेची मोहोर करीत. मोहोर मोडल्याशिवाय दोरी सुटत नसे. पत्र वाटेत कोणी उघडले तर ते लपून राहत नसे. आज औषधाच्या बाटलीवर किंवा पार्सलवर असलेली, उघडल्यावर फाटणारी पट्टी याच तत्त्वावर चालते. असा बंद चोराला अडवीत नाही, पण चोरी झाल्याचे उघड करतो.

दोन दोऱ्यांचे गणित

सुरुक्कुप्पै किंवा बटवा शिवणे सोपे दिसते, तरी त्याच्या तोंडाची रचना विचारपूर्वक केलेली असते. तोंडाभोवती कापड दुमडून दीड-दोन सेंटिमीटर रुंदीचा नेफा शिवतात. पहिली दोरी डाव्या बाजूने आत शिरते, तोंडाला पूर्ण वळसा घालून डावीकडूनच बाहेर येते. दुसरी दोरी उजवीकडून शिरून उजवीकडेच बाहेर पडते. दोन्ही टोके विरुद्ध दिशांना ओढली की तोंडावर सर्व बाजूंनी सारखा ताण येतो. एकच दोरी असेल तर चुण्या एका अंगाला गोळा होतात आणि विरुद्ध बाजू सैल राहते.

मिटलेले तोंड गाठ न मारताही मिटलेलेच राहते, याचे कारण घर्षण. चुण्या एकमेकींवर दाबल्या जातात, दोरी त्यांच्यामध्ये अडकते आणि सहजासहजी मागे सरकत नाही. बटवा दोऱ्यांनी टांगला तर आतल्या वस्तूंचे वजनच दोऱ्या ताणते. ऐवज जितका जड, तितके तोंड घट्ट. उघडताना मात्र दोन बोटे तोंडात घालून बाजूला केली की पुरते. बंद होताना घट्ट आणि उघडताना सैल, हा गुण धातूचा एकही भाग नसलेल्या या रचनेत आहे.

तिची मर्यादाही तोंडातच आहे. सर्व चुण्या जवळ आल्या तरी मधोमध बारीक भोक उरते. कापड जितके जाड, तितके ते मोठे. दक्षिणेत पूर्वी चालणाऱ्या ‘पणम्’ या सोन्याच्या नाण्याचे वजन अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी असे आणि ते करंगळीच्या नखाएवढेही नसे. असा ऐवज ठेवायचा तर कापड पातळ आणि मऊच हवे. शिवाय तोंड आवळल्यावर दोऱ्यांचे एक-दोन वेढे मानेभोवती देणे भाग असते. आजच्या भेटीच्या बटव्यांना जाड जरीचे कापड आणि गुळगुळीत सॅटिनची दोरी लावतात. ते देखणे दिसतात. पण जाड कापडामुळे भोक मोठे राहते आणि सॅटिन घसरत असल्याने तोंड आपोआप सैल पडते. वापरासाठी घेताना पीळ दिलेली सुती दोरी केव्हाही बरी.

मापाचा ठोकताळा शिंप्यांना पाठ असतो. पिशवी सपाट ठेवून तोंड १५ सेंटिमीटर रुंद भरत असेल, तर पूर्ण घेर ३० सेंटिमीटर होतो. प्रत्येक दोरी त्यापेक्षा सुमारे २० सेंटिमीटर अधिक, म्हणजे ५० सेंटिमीटरच्या आसपास घ्यावी लागते. दोरी आखूड पडली तर तोंड पूर्ण उघडत नाही आणि पिशवीत हात अडकतो.

चंची : गुंडाळून बांधण्याची रीत

मराठी मुलखात बटव्याच्या जोडीला चंची होती. पान, चुना, सुपारी, कात आणि तंबाखू यांसाठी निरनिराळे कप्पे असलेली ही कापडी पिशवी मिटताना घडी घालून गुंडाळतात आणि शेवटच्या टोकाला शिवलेली लांब दोरी तिच्याभोवती वेढतात. येथे तोंड आवळले जात नाही. घडीच्या आत घडी गेल्यामुळे प्रत्येक कप्पा आपोआप झाकला जातो. वेगवेगळ्या वस्तू एकमेकींत मिसळू नयेत, हा चंचीचा उद्देश. चुन्याचा थेंब पानाला लागला तर चालेल, पण नाण्यांना लागून चालणार नाही, हे शिवणारी जाणत होती.

तंजावर जिल्ह्यात पानाचे महत्त्व आजही आहे. कुंभकोणम्‌च्या विड्याच्या पानाला २०२५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हिरवे पान ओले ठेवावे लागते, नाणे कोरडे. त्यामुळे पानाची आणि पैशाची पिशवी वेगळी ठेवण्याची किंवा एकाच पिशवीत कप्पे करण्याची गरज दोन्ही प्रदेशांत सारखीच पडली.

धातूचा खटका, टिच बटण आणि चेन

कारखान्यात तयार झालेले बंद गेल्या दीड-दोनशे वर्षांत घरोघरी पोहोचले. जुन्या पिढीला परिचित असलेली खटक्याची पर्स त्यांपैकी एक. तिच्या तोंडाला धातूची दुहेरी चौकट असते आणि वर दोन लहान गोळ्या. चौकट दाबली की गोळ्या एकमेकींवरून निसटून पलीकडे जातात आणि ‘टक्’ असा आवाज येतो. येथे गोळ्या केवळ अडसराचे काम करतात, खरे बळ चौकटीच्या लवचिकपणात असते. चौकट वाकली की गोळ्या एकमेकींना भेटत नाहीत आणि पर्स कायमची उघडी राहते. जपानमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही युरोपीय पर्स लोकप्रिय झाली. तिला ‘गामागुची’, म्हणजे भेकाचे तोंड, असे नाव मिळाले. हे तोंड मोठे उघडत असल्याने आतली सगळी नाणी एका नजरेत दिसतात, हा तिचा मोठा गुण.

टिच बटणाचे पेटंट जर्मनीतील हेरिबर्ट बाउअर यांनी १८८५ मध्ये घेतले. त्याच्या एका अर्ध्यावर उंचवटा आणि दुसऱ्यात खाच असते. खाचेतील बारीक स्प्रिंग उंचवट्याच्या मानेला पकडते. टिच बटण स्वतः क्वचितच मोडते, त्याच्याभोवतीचे कापड फाटते. प्रत्येक वेळी उघडताना सगळा ताण कापडाच्या एकाच ठिपक्यावर येतो. म्हणून बटण बसवण्यापूर्वी आतून जाड कापडाचा किंवा चामड्याचा लहान तुकडा लावणे आवश्यक असते. स्वस्त पर्समध्ये नेमकी ही ठिगळपट्टी वगळलेली असते.

चेनचा इतिहास अधिक खटपटीचा आहे. अमेरिकेतील व्हिटकॉम्ब जडसन यांनी १८९३ मध्ये तिचा पहिला नमुना पुढे आणला. तो वारंवार उघडून जात असे. मूळचे स्वीडनचे अभियंते गिडियन सुंडबॅक यांनी १९१३च्या सुमारास आजच्या धर्तीची दातेरी चेन तयार केली आणि १९१७ मध्ये तिचे पेटंट मिळवले. सुरुवातीची काही वर्षे ही चेन मुख्यतः बूट आणि तंबाखूच्या पिशव्यांना लावली जात असे. मराठी चंचीने दोरीच्या वेढ्यांनी साधलेले काम पश्चिमेत दातेरी चेनकडे आले, असे म्हणता येईल.

चेनमध्ये दोन्ही बाजूंचे दात एकाआड एक बसवलेले असतात. सरकणारा भाग, ज्याला बाजारात ‘रनर’ म्हणतात, दातांना ठरावीक कोनातून एकमेकांत ढकलतो आणि परत येताना मधल्या पाचरीने वेगळे करतो. चेन बंद करूनही मागे उघडी पडू लागली, तर बहुतेक वेळा दात शाबूत असतात. रनरचे जबडे झिजून रुंदावलेले असतात. लहान पकडीने रनरच्या दोन्ही कडा अगदी हलकेच दाबल्या की चेन पुन्हा काम देते. जास्त दाबल्यास रनर अडकतो किंवा तुटतो. अडखळणाऱ्या चेनवर मेणबत्तीचे मेण किंवा शिसपेन्सिलचे टोक घासले तरी फरक पडतो. अख्खी पर्स टाकून देण्यापूर्वी रनर बदलून पाहावा. रस्त्याच्या कडेला बसणारे कारागीर हे काम थोडक्या वेळात करून देतात.

चिकटणारे आणि ओढून घेणारे

वेलक्रोची कल्पना स्वित्झर्लंडचे अभियंते जॉर्ज द मेस्ट्रल यांना १९४१ मध्ये सुचली. रानातून फिरून आल्यावर कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटलेली बोंडे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा त्यांच्या टोकांना बारीक आकडे दिसले. वेलक्रोच्या एका पट्टीवर असे आकडे आणि दुसरीवर धाग्यांचे फासे असतात. आडवे ओढले तर हा बंद अतिशय पक्का राहतो, कडेपासून सोलून काढला तर सहज सुटतो. त्याचा आवाज मोठा असल्याने खिशातले पाकीट कोणी गुपचूप उघडू शकत नाही. पण शांत सभागृहात तोच आवाज संकोच निर्माण करतो. सुताचे तंतू अडकून आकडे भरले की पकड जाते. जुन्या दातब्रशने ते साफ करता येतात.

चुंबकी बटण सध्या स्त्रियांच्या पर्समध्ये सर्वाधिक दिसणाऱ्या बंदांपैकी आहे. त्याच्या एका चकतीत चुंबक आणि दुसरीत लोखंड असते. दोन्ही भाग जवळ आले की ते आपोआप मिटते, त्यामुळे नेमके बोट लावावे लागत नाही. मात्र पर्स गच्च भरली की दोन चकत्यांमध्ये अंतर पडते आणि थोड्या अंतरानेही चुंबकाचे बळ झपाट्याने घटते. गर्दीच्या बसमध्ये केवळ चुंबकावर विसंबणे धोक्याचे आहे. काळी चुंबकीय पट्टी असलेली कार्डे या बटणाला चिकटून ठेवू नयेत, त्यांच्यावरील नोंद बिघडू शकते. हृदयात पेसमेकर बसवलेल्या व्यक्तींनी अशी पर्स छातीशी धरणे टाळावे.

ऐवज कोणाचा, हात कोणाचा

पिशवीचा बंद निवडताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात. आत काय ठेवायचे आहे आणि उघडणारा हात कोणाचा आहे. नाणी गोल, जड आणि निसटणारी असतात. त्यांना आवळणारे तोंड किंवा खटक्याची चौकट मानवते. नोटा, कार्डे आणि ओळखपत्रे सपाट व ताठ असतात. चुण्यांच्या बटव्यात ती वाकतात, त्यामुळे त्यांना चेन किंवा झडप लागते. फोनला झडप आणि चुंबक सोयीचे, पण प्रवासात त्यावर चेन हवीच.

हाताचा विचार सहसा केला जात नाही. संधिवाताने बोटे आखडलेल्या व्यक्तीला चिमटीत धरण्याचे काम सर्वांत अवघड जाते. टिच बटण आणि चेनचा बारीक रनर दोन्ही चिमटीची ताकद मागतात. बटव्याची दोरी मुठीत धरून ओढता येते. वृद्ध स्त्रीच्या कमरेला बटवा टिकला, यामागे सवयीइतकाच हाही भाग असावा. चेनच हवी असेल तर रनरला कापडी फासा किंवा कडी अडकवावी. त्यात बोट घालून ओढले की चिमटीची गरज उरत नाही.

स्त्रीच्या कमरेच्या या पिशवीत केवळ पैसे नसत, ते पैसे तिच्या स्वाधीन असल्याची खात्रीही असे. घरखर्चातून वाचवलेली रोकड कोणाला न सांगता ठेवण्याची ती जागा होती. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० आणि १,००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा देशभरातील अनेक स्त्रियांना अशी शिल्लक बाहेर काढून बँकेत भरावी लागली. त्यानंतर थेट खात्यात रक्कम देणाऱ्या योजना वाढल्या. तमिळनाडूत सप्टेंबर २०२३ पासून पात्र कुटुंबप्रमुख स्त्रियांना दरमहा १,००० रुपये, तर महाराष्ट्रात २०२४ पासून ‘लाडकी बहीण’ योजनेतून पात्र स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये खात्यात जमा होऊ लागले.

खात्यातील पैसा चोराच्या हाती सहज लागत नाही, हे खरे. परंतु तो काढण्यासाठी कार्ड, गुप्त क्रमांक आणि कधी कधी दुसऱ्याची मदत लागते. लिहिता-वाचता न येणारी किंवा विसराळूपणा आलेली व्यक्ती गुप्त क्रमांक चिठ्ठीवर लिहून कार्डासोबत त्याच पर्समध्ये ठेवते. मग पर्सची चेन कितीही भक्कम असली तरी उपयोग नाही. कार्ड आणि क्रमांक एकत्र न ठेवणे, हाच नव्या ऐवजाचा खरा बंद. पान आणि पैसा वेगळ्या कप्प्यांत ठेवणाऱ्या चंचीचा धडा येथेही लागू पडतो.

दुरुस्तीची सोय

तमिळनाडूत १ जानेवारी २०१९ पासून एकदा वापरून फेकायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे. डिसेंबर २०२१ मध्ये राज्य सरकारने पारंपरिक पिवळ्या कापडी पिशवीच्या पुनर्वापराची मोहीमही सुरू केली. कापडी पिशव्यांना पुन्हा मागणी आल्याने छोट्या बटव्यांकडेही लक्ष वळले आहे. तथापि पिशवी कापडाची आहे एवढ्यावर ती टिकाऊ ठरत नाही. कापड शाबूत असताना चुंबकी बटण निखळले किंवा चौकट वाकली, तर नेमका तसाच भाग मिळणे कठीण जाते आणि चांगली पर्स अडगळीत पडते.

खरेदी करताना तीन गोष्टी तपासाव्यात. टिच किंवा चुंबकी बटणामागे आधाराचा तुकडा आहे का, हे आतून बोट फिरवून पाहावे. चेन दोन्ही टोकांपर्यंत, विशेषतः कोपऱ्याच्या वळणावर, न अडखळता जाते का, ते पाहावे. बटवा असेल तर त्यात चार नाणी टाकून तोंड आवळावे, दोऱ्यांना धरून तो उलटा करावा आणि हलवून पाहावा.

बटव्याची दोरी कधी ना कधी तुटतेच. तेव्हा जुनी दोरी काढून टाकावी, नव्या दोरीच्या टोकाला सेफ्टी पिन लावावी आणि नेफ्याच्या फटीतून पिन आत सरकवावी. कापडावरून चाचपडत पिन पूर्ण घेर फिरवली की ती शिरली त्याच बाजूने बाहेर येते. दुसरी दोरी समोरच्या फटीतून तशीच ओवावी आणि दोन्हींच्या टोकांना गाठी माराव्यात. पायजम्याची नाडी ज्याला ओवता येते, त्याला हे काम नव्याने शिकावे लागत नाही.